पुन्हा आलं नाही म्हणून थांबू नकोस

वडोदरा,
रविवार

प्रिय नंदू,

तुझं पत्र परवा मिळालं. पहिली तीन पानं मजेत वाचली. चौथ्या पानावर, अगदी खाली, तू तुझ्या वडिलांबद्दल, आपल्या दादांबद्दल, दोन ओळी लिहिल्यास आणि लगेच धाकटीच्या परीक्षेकडे वळलास. मी त्या दोन ओळींवरच अडकलो आहे. एके दिवशी सकाळी दादांना लाल लघवी झाली, दुखलं-खुपलं काही नाही, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. उन्हाळी लागली असेल म्हणून वहिनींनी धण्याचं पाणी आणि सब्जा दिला, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि तू लिहितोस, ‘आता अगदी व्यवस्थित आहेत, पुन्हा आलं नाही.’

नंदू, पुन्हा आलं नाही म्हणून थांबू नकोस. आधी हे सांगतो, बाकीचं मागाहून.

उन्हाळी लागते तेव्हा जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, थेंब थेंब होते. दादांना यातलं काही नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाला न दुखता एकदाच रक्त जातं आणि आपोआप थांबतं, ही मूत्राशयाच्या कॅन्सरची सगळ्यात नेहमीची पहिली खूण. गाठीवरची एखादी नाजूक रक्तवाहिनी फुटते, रक्त येतं, मग ती मिटते. गाठ जागच्या जागी असते. दरवेळी हेच निघतं असं मुळीच नाही. खडा असतो, प्रोस्टेट असतं, जंतुसंसर्ग असतो, कधी नुसतं आदल्या रात्रीचं बीट असतं. पण ते तपासून ठरवायचं असतं, लघवी स्वच्छ झाली यावरून नाही. आणि दादा हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात, तेव्हा घरात कुणी ना कुणी त्या गोळीवर खापर फोडणारच. त्या गोळीने रक्त येणं सोपं होतं हे खरं, तरी ते येतंय कुठून हा प्रश्न उरतोच. तपासणी टाळायला ते कारण पुरत नाही.

ठाण्यात चांगले युरोलॉजिस्ट आहेत. याच आठवड्यात घेऊन जा. ते लघवीची तपासणी सांगतील, लघवीतल्या पेशींची सायटोलॉजी सांगतील, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन सांगतील आणि दुर्बिणीतून आत बघायला सांगतील. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून दुर्बीण रद्द करू देऊ नकोस. लहान गाठ सोनोग्राफीत निसटते, आणि आतल्या अस्तरावर सपाट पसरणारा जो प्रकार असतो तो तर तिच्यात दिसतच नाही, आणि तोच जास्त खोडकर. दुर्बिणीला दादा घाबरतील. त्यांना सांग, हल्ली लवचीक दुर्बीण असते, बधिर करणारी जेली घालतात, काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. एक-दोन दिवस लघवी करताना थोडी आग होते, एवढंच. माक्स निट्झे नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७७ मध्ये पहिली दुर्बीण दाखवली तेव्हा तिच्या टोकाला तापलेली प्लॅटिनमची तार उजेडासाठी असायची आणि तिने आतून भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळवावं लागायचं. दादांना हे ऐकवलंस तर आजची दुर्बीण त्यांना बरी वाटेल.

आता, मी एवढा का हटून बसलो आहे ते सांगतो. दादा नंदेसरीला, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला होते म्हणून.

तुला आठवत असेल, आपण दांडिया बाजारात राहत होतो तेव्हा दादा पाळी संपवून घरी आले की नळावर साबणाने कोपरापर्यंत हात घासत उभे असायचे. नखांच्या कडा तरी जांभळ्या राहायच्याच. तुझी आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि ते पाणी आठवडाभरात सगळ्या रंगांचं होऊन जायचं. उशीच्या अभ्र्यावर घामाने रंग उतरायचा. आपल्याला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. रंगाच्या कारखान्यातली नोकरी, पगार वेळेवर, दिवाळीला बोनस. पण अंगावर दिसणारा रंग निदान धुता तरी येत होता. खरं भय होतं ते रंग बनण्याआधीच्या पुडीचं. बेन्झिडीन ही करडी-पांढरी, फारशी डोळ्यांत न भरणारी भुकटी. ती श्वासातून जाते, कातडीतूनही जाते, आणि मागे डाग ठेवत नाही.

तू रसायनाचा मास्तर, तेव्हा तुला हे मी काय शिकवणार, पण पुढची गोष्ट शरीरातली आहे. बेन्झिडीन आणि त्याच्या जातीची रसायनं, म्हणजे ही अमाइनं, यकृतात पोचतात, तिथे त्यांचं रूप बदलतं, मूत्रपिंडातून गाळून ती लघवीत उतरतात आणि मूत्राशयात साठतात. बाकीच्या अवयवांवरून विष वाहत पुढे जातं, इथे ते दोन-दोन, चार-चार तास अस्तराला लागून बसून राहतं. लघवी आम्लधर्मी असेल तर बांधलेले रेणू सुटे होतात आणि अस्तराच्या पेशींच्या डीएनएला चिकटतात. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अमेरिकी संशोधकांबरोबर गुजरातमधल्याच रंग-कामगारांची लघवी तपासली होती. १९९६ आणि १९९७ मध्ये ते निबंध छापून आले. ज्यांची लघवी जास्त आम्लधर्मी होती त्यांच्या पेशींमध्ये डीएनएला चिकटलेलं बेन्झिडीन दुसऱ्या टोकाच्या कामगारांच्या सुमारे दहापट होतं. आपल्या शेजारच्या शहरातले कामगार, दादांच्या वयाचे. तो आकडा छापून आलेला आहे आणि आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

तू विचारलंस, सर्जन असून ऑपरेशनं कमी करून हा रुग्णांच्या नोकरीच्या हकिकती लिहून वह्या भरण्याचा उद्योग कशाला. पत्रात तू ते हलकेच विचारलंस, पण प्रश्न खरा आहे, आणि उत्तर यातच आहे.

हा आजार कामाच्या दिवसांत येत नाही. पंधरा, वीस, कधी तीस वर्षांनी येतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, गाव बदललेलं असतं, कारखान्याचा मालक बदललेला असतो, कधी कारखानाच उरलेला नसतो. तो माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘निवृत्त’. नाहीतर ‘मजूर’. अरे, निवृत्त हा काय व्यवसाय झाला? बत्तीस वर्षं ज्या हातांनी पिंपं उपसली त्यांचा इतिहास त्या एका शब्दाखाली गाडला जातो. वय लिहितात, बिडी-सिगारेट लिहितात, मधुमेह लिहितात. काम कुणी विचारत नाही. आणि न विचारल्यामुळे आपल्याकडे या आजाराचा कारखान्यांशी संबंध फारसा नाही असं दिसतं. दिसणारच.

म्हणून मी विचारतो. पहिल्या नोकरीपासून सांगा म्हणतो. कोणत्या खात्यात होता, पिंपात हाताने घालायचात की यंत्राने, तोंडाला काय बांधायचात, जेवायला कुठे बसायचात, कपडे घरी कोण धुवायचं. सुरुवातीला म्हातारे संकोचतात, ‘साहेब, पेशाबमां लोही आवे छे, तेमां नोकरीनुं शुं काम?’ म्हणतात, म्हणजे लघवीत रक्त येतंय, त्यात नोकरीचा काय संबंध. मग एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. कुणाला रसायनाचं नाव माहीत नसतं, पण पिंपावरचा रंगीत पट्टा आठवतो, वास आठवतो. त्यावरून आम्ही माग काढतो. मुलाखतीबरोबर लघवीचा नमुना घेतो, सकाळचा पहिला नाही, दुसऱ्या वेळचा, कारण रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात. काही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जातात, बाकीच्यातून डीएनए काढून ठेवतो. एफजीएफआर-३ आणि टर्ट अशा काही जनुकांमधले बदल या आजारात वारंवार सापडतात आणि ते लघवीतल्या पेशींतही पकडता येतात. माझी आशा अशी की उद्या रंग-कामगाराला दुर्बिणीच्या आधी नुसत्या लघवीवरून सावध करता येईल. आजची सायटोलॉजी जोरकस कॅन्सर चांगला ओळखते, पण मंद वाढणाऱ्या गाठी तिच्या हातून निसटतात. तिथे अजून खूप काम बाकी आहे.

मी हे करतोय त्यात नवीन काही नाही. ज्याने पहिल्यांदा हे केलं तो माणूस मला रोज आठवतो. लुडविग रेन, फ्रँकफर्टचा सर्जन. फुक्सिन म्हणजे किरमिजी रंग बनवणाऱ्या एकाच कारखान्यातले कामगार मूत्राशयात गाठ घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. आजार तर दुर्मीळ, मग एकाच दारातून इतके कसे? १८९५ मध्ये त्याने ते मांडलं. पुढच्याच वर्षी याच रेनने सुरीने भोसकलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टाके घालून त्याला वाचवलं, वैद्यकाच्या इतिहासात पहिल्यांदा. लोकांना ती हृदयाची गोष्ट माहीत असते. मला वाटतं त्याचं मोठं काम आदल्या वर्षीचं, कारण त्यासाठी त्याला हातातली सुरी खाली ठेवून विचारावं लागलं, तुम्ही काम काय करता?

रेनला वाटलं दोष ॲनिलिनचा, म्हणजे त्या रंगाच्या कच्च्या मालाचा. खरे गुन्हेगार हळूहळू पुढे आले. १९३८ मध्ये ह्यूपर या संशोधकाने बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रंगकारखान्यातलं दुसरं अमाइन देऊन कुत्र्यांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर घडवून दाखवला. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट केस यांनी रंग-कारखान्यांच्या नोंदी आणि मृत्यूचे दाखले एकेक करून जुळवले आणि बेन्झिडीन व नॅफ्थिलअमाइन यांच्यावर बोट ठेवलं. केस यांच्याजवळ काय होतं? कामगारांच्या याद्या. कोण कधी लागला, कोणत्या खात्यात, कधी सोडून गेला. नीट ठेवलेल्या याद्या. आमच्याकडे त्याच नाहीत, म्हणून मी माणसांच्या आठवणींतून त्या परत लिहितो आहे.

आणि वडोदऱ्यात बसून हे करताना मला आणखी एक गोष्ट बोचते. सयाजीरावांनी इथे कला भवन काढलं ते १८९० साली, रेनच्या निबंधाआधी पाच वर्षं. प्रा. त्रिभुवनदास गज्जर पहिले प्रमुख. सुतारकाम, यंत्रकाम यांच्या जोडीला तिथे कापड रंगवण्याचं आणि रसायनाचं शास्त्र शिकवत होते, तेही देशी माणसांना, देशी धंदा उभा राहावा म्हणून. गज्जरांच्याच प्रेरणेने कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये ॲलेम्बिक हा औषधांचा कारखाना उभा केला. आपल्या आजोबांच्या पिढीला या गोष्टीचा केवढा अभिमान होता, आणि तो रास्तच होता. बेन्झिडीनपासून काँगो रेड हा रंग जर्मनीत १८८४ मध्ये निघाला तेव्हा रंगाऱ्यांना वरदान वाटलं, कारण सूती कापड तो थेट धरतं, आधी तुरटीबिरटीचा हात द्यावा लागत नाही. रंगाची विद्या फ्रँकफर्टहून वडोदऱ्यापर्यंत पटकन पोचली. रेनचा निबंध पोचायला मात्र फार वर्षं लागली. बेन्झिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे बंदी आली ती थेट १९९३ मध्ये. दादा त्याच्या कितीतरी आधी लागले होते.

कुणावर तरी राग काढावा म्हणून मी हे लिहीत नाही. दादांच्या कारखान्यातल्या फोरमनलाही काही ठाऊक नव्हतं, तोही त्याच धुळीत उभा असायचा. पण ज्ञान होतं आणि ते ज्याच्या कामाचं त्याच्यापर्यंत गेलं नाही, याचं दुःख मला होतं आणि ते लपवावंसं वाटत नाही.

बिडीचं विसरू नकोस. या आजाराचे जवळजवळ निम्मे रुग्ण तंबाखूच्या धुराने होतात, कारण त्या धुरातही हीच अमाइनं असतात. दादांनी सोडली आहे असं तू मागे लिहिलं होतंस. वरच्या गच्चीवर जाऊन ओढत असतील तर आज थांबवा. आणि वहिनींनाही सांगून ठेव. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाने दिसतो, म्हणून कुणाच्या मनातच येत नाही. महिनोन् महिने उन्हाळी म्हणून, इन्फेक्शन म्हणून गोळ्या चालतात आणि आमच्याकडे पोचतात तोवर गाठ स्नायूत उतरलेली असते.

समजा, दुर्बिणीत काही निघालंच. घाबरून जाऊ नका. चारातल्या सुमारे तीन रुग्णांत गाठ आतल्या थरापुरतीच असते. कमरेत इंजेक्शन देऊन, लघवीच्याच वाटेने, विजेच्या तारेच्या कडीने ती खरवडून काढतात, पोटावर काप नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आला की एकच गोष्ट आधी बघ, तुकड्यात खालचा स्नायू आला आहे का आणि त्यात काही शिरलं आहे का. स्नायू आलाच नसेल आणि गाठ जोरकस जातीची असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा खरवडावं लागतं. तसं सांगितलं तर डॉक्टरांवर संशय घेऊ नका, ते बरोबर करत आहेत. अवघड भाग असतो तो पुढचा. ही गाठ गाजरगवतासारखी, इथून उपटली की तिथे उगवते. म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण, मग सहा, मग वर्षाने. कंटाळून लोक यायचे बंद होतात आणि तिथेच बाजी हरतात.

जोरकस गाठीला आम्ही बीसीजी देतो. हो, आपल्या दंडावर जिची खूण आहे तीच क्षयाची लस. आल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये कॅनडातून नऊ रुग्णांचा अनुभव छापला. नळीने लस मूत्राशयात सोडायची, दोन तास धरून ठेवायची, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सहाच का, तर त्यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या खोक्यात यायची. आजही जगभर सुरुवातीचा टप्पा सहाच आठवड्यांचा असतो! आत गेलेले अशक्त जंतू अस्तरात सूज आणतात, शरीराच्या रक्षक पेशी धावून येतात आणि जंतूंबरोबर कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडतात. पन्नास वर्षं होत आली, वरच्या थरातल्या जोरकस गाठीसाठी याहून भरवशाचं औषध अजून नाही. २०१२ मध्ये टोरोंटोतल्या लसीच्या कारखान्यात पाणी शिरून काम थांबलं तेव्हा अनेक देशांत रुग्ण ताटकळले. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटही ही मूत्राशयासाठीची लस बनवते, याचं मला फार समाधान वाटतं.

स्नायूत उतरलेल्या आजाराचं इतकं सोपं नाही. तिथे केमोथेरपी, मग बहुतेकांचं मूत्राशयच काढून आतड्याच्या तुकड्यातून लघवीची नवी वाट करावी लागते. पसरलेल्या आजारात २०२३ मध्ये दोन नव्या औषधांच्या जोडीने निम्मे रुग्ण तरी जगतात तो काळ सोळा महिन्यांवरून एकतीस महिन्यांवर नेली, तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला. पण त्या इंजेक्शनांची किंमत नंदेसरीच्या निवृत्त कामगाराच्या आवाक्यातली नाही. त्याच्यासाठी सगळ्यात मोठं औषध म्हणजे लवकर येणं. म्हणून मी वह्या भरतो.

काही निघालं तर नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयात दाखवण्याची व्यवस्था मी करीन, इथून तासाभराची वाट आहे. दादांनी आमच्याकडे राहावं, हिने आत्ताच वरची खोली आवरायला घेतली आहे. नाही निघालं तर मी ठाण्याला येऊन तुझ्या घरी पुरणपोळी खाईन.

आता तुझ्याकडून एक काम हवं. दादांच्या नोकरीचे कागद फेकू नकोस. हजेरीकार्ड, पगाराच्या पावत्या, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचं पुस्तक, जे सापडेल ते एका फाइलीत घाल. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मूत्राशयाच्या कॅन्सरचं नाव व्यावसायिक आजार म्हणून छापलेलं आहे. हे मी माझ्या रुग्णांना सांगतो तेव्हा ते चकित होतात. ज्याला कधी कुणी सांगितलंच नाही तो मागणार काय? आणि मागायचं म्हटलं तरी कोणत्या खात्यात, किती वर्षं, याचा कागद कुठे असतो?

आणि दुसरं. एखाद्या संध्याकाळी दादांच्या जवळ वही घेऊन बस. ते किती साली लागले, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले, हाताने काय काय हाताळलं, ते बोलतील तसं लिहून घे, त्यांच्याच शब्दांत. मग त्यांच्या पाळीत बरोबर कोण कोण असायचं ते विचार. पूर्ण नाव आठवलं नाही तर आडनाव, नाहीतर गाव, नाहीतर कुणाचा भाऊ ते. एका खात्यात आठ-दहा माणसं तरी असणार. ती आज सत्तरीच्या आसपास असतील, कुणी पादरा गावात, कुणी आणंदला, कुणी महाराष्ट्रात परत गेलेला असेल. त्यांच्यातल्या कुणाला तरी लाल लघवी होऊन थांबलेली असेल. ती नावं मला पाठव. एकेकाचा पत्ता मी काढतो.

दादांना माझा साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दुर्बिणीची तारीख ठरली की त्याच दिवशी फोन कर, रात्री कितीही वाजले तरी चालेल.

तुझा,
अवी